सत्ताविसावं काडतूस

गोताडकाकांना मी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. समोरच्या लाकडी फळीवर काडतुसांच्या पितळी पुंगळ्या रांगेने उभ्या होत्या. त्यातली एकेक उचलून त्यांनी आतली दारू शांतपणे डब्यात ओतली, पुंगळी उपडी ठेवली, आणि सगळ्या रिकाम्या झाल्यावर पहिलीपासून पुन्हा भरायला सुरुवात केली. मी जाळीच्या खिडकीबाहेर उभी. डोक्यावर वैशाखाचं ऊन. वीस मिनिटांनी माझा धीर सुटला आणि मी आणखी एक हाक मारली. म्हाताऱ्याने परत तेच केलं. सगळं ओतलं, सगळं उपडं केलं, परत पहिली.

मला वाटलं, ह्या माणसाचं डोकं फिरलेलं आहे. मी निघालेच होते, तेवढ्यात काकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि ओठावर बोट ठेवून मला पायरीवर बसवलं. पाऊण तासाने दार उघडलं. उघडाबंब, किडकिडीत, कमरेला लुंगी, गळ्यात घामाने चिंब पंचा, आणि चष्मा नाकाच्या अगदी टोकावर.

"दोन हाका मारल्यास गो बाय," ते म्हणाले. "दोनदा ओतून टाकला. तिसरी मारली असतीस तर मी जेवायला उठलो असतो. बोल आता, काय काम काढलास?"

नारायण गोताड मूळचे संगमेश्वरकडच्या एका वाडीतले. फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणं, तपासणं हे त्यांचं काम. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि पालीला, कोल्हापूरच्या रस्त्यालगत, चिऱ्याचं छोटं घर बांधून राहिले. आमच्या रायफल क्लबला स्पर्धेसाठी हाताने काडतुसं भरायची सरकारी मंजुरी होती आणि भरणारा म्हणून कागदावर त्यांचं नाव होतं. मी त्या क्लबची सभासद. रत्नागिरीत मांडवीला माझं औषधांचं दुकान आहे. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हातात आली ती सुटलीच नाही. लग्न झालं, नवरा दुबईला गेला, दुकान टाकलं, तरी रायफल राहिली. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आमची रेहाना एक तर गोळ्या विकते, नाही तर गोळ्या मारते."

मी काकांकडे गेले ती तक्रार घेऊन. तीनशे मीटरवर माझे नेम सुपाएवढे पसरत होते. नळी तपासून घेतली, दुर्बीण बदलली, श्वास धरायचा सराव केला, तरी सूप ते सूपच. काकांनी माझं टार्गेट उजेडाकडे धरलं, भोकांकडे पाहिलं आणि विचारलं, "काडतुसं कुठची?"

"कारखान्यातली. चांगली आहेत की."

"चांगली असतील. पण तुझ्या रायफलीची नायत. तयार कपडा आणि शिंप्याकडचा कपडा, अंगात घातल्यावर कळतो."

मग म्हणाले, "रायफल खोटा बोलत नाय. खोटा बोलतो तो भरणारा."

मला वाटलं, चला, आता हे मला भरायला शिकवणार. कसचं काय! पहिले दोन महिने त्यांनी मला दारूच्या डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही. रविवारी सकाळी स्कूटरने पालीला जायचं आणि पुंगळ्या वेगळ्या करायच्या. आधी धुवायच्या, पुसायच्या, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेने पितळ चार दिवसांत काळवंडतं. मग प्रत्येकीचं तोंड बोट फिरवून बघायचं, लांबी मोजायची, वजन करायचं, आणि सारख्या वजनाच्या एका डब्यात. मी एकदा भडकले. म्हटलं, "काका, मी फार्मसी शिकलेय. मला वजन करायला शिकवू नका."

त्यांनी शांतपणे दहा पुंगळ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि काट्यावर घालायला सांगितल्या. मी केलं वजन, कागदावर लिहिलं. मग त्यांनी तो कागद पालथा केला आणि त्याच दहा पुन्हा वजन करायला लावल्या. दोन्ही कागद जुळेनात. मी डोकं खाजवायला लागले. काकांनी वर बोट केलं. वर पंखा फिरत होता.

"तुझ्या दुकानात चालत असेल," ते म्हणाले. "हितं वारा पण वजनात येतो."

त्या खोलीत पंखा चालायचा नाही, मोबाईल न्यायचा नाही, बोलायचं नाही. कपाटात एक बारका बल्ब कायम जळत असायचा, दारूला आणि कागदांना ओल लागू नये म्हणून. पन्नास पुंगळ्यांची एक फळी. रिकामी पुंगळी उपडी, भरलेली उताणी, म्हणजे नजरेला चूक लगेच दिसते. काटा जुन्या पद्धतीचा, दांडीवर चिमुकलं सरकतं वजन असलेला. ते वजन एका खाचेने जरी सरकलं तरी पुढचं प्रत्येक माप चुकणार, आणि सगळी मापं सारखीच चुकणार, त्यामुळे भरणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. म्हणून काकांकडे बोटाच्या पेराएवढं एक पितळी वजन होतं. त्याला ते खात्रीचं वजन म्हणायचे. फळी सुरू करण्याआधी ते ताटलीत ठेवून काटा बरोबर आहे ना बघायचं, आणि पन्नास भरून झाल्यावर पुन्हा बघायचं. दोन्ही वेळा बरोबर आलं तर मधली पन्नास बरोबर. मग सरकतं वजन शून्यावर आणायचं, काटा पुसायचा, पेटीत ठेवायचा.

आणि ह्या सगळ्यावरचा नियम म्हणजे मध्ये उठायचं नाही. हाक आली, शिंक आली, डास चावला आणि लक्ष गेलं, तर झालं ते ओतायचं आणि पहिल्यापासून. ह्या नियमापायी काकांनी निम्मी पाली दुखावली होती. त्यांचा सख्खा मेहुणा मुंबईहून लग्नाची पत्रिका घेऊन आला, तासभर पडवीत बसला, आणि दाराला पत्रिका अडकवून तणतणत निघून गेला. काकी मला सांगायच्या, "माझ्या भावाने दोन वर्षं तोंड बघितला नाय आमचा. मी ह्यांना म्हटला, एवढी कसली ती पन्नास? तर म्हणतात, तुझा भाऊ परत येईल, सुटलेली गोळी येत नाय."

"एकसारखी चुकलीस तर चालेल," हे त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य. "एकसारखी चूक दुरुस्त करता येते. आज बरोबर, उद्या थोडा बरोबर, परवा जास्त बरोबर, ह्याचा मी काय करू?" मला आधी ह्यात काही अर्थ दिसला नाही. वर्षभराने माझं सूप नारळाएवढं झालं आणि पुढल्या वर्षी मुठीत मावेल एवढं. तेव्हा काकांनी टार्गेट उजेडाकडे धरलं, आत गेले आणि काकींना म्हणाले, "हिला आज घावणे घाल." त्यांच्याकडून मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

अशी चार वर्षं गेली. राज्याच्या संघाच्या निवडीला मी दोनदा गेले, दोनदा थोडक्यात राहिले. तिसऱ्या खेपेला क्लबने स्पष्टच सांगितलं की आपल्याला एक जागा आहे, ती यंदा रेहानाताईंना, पण पुढच्या वर्षीपासून तरुण मुलांना द्यायची. त्यांचं चुकत नव्हतं. मी एकेचाळीस वर्षांची होते. म्हणजे ही शेवटची संधी होती, आणि ती मला हवी होती. उगाच कशाला साळसूदपणा करू? प्रचंड हवी होती. राज्याचा कोट अंगात घालून एकदा तरी उभं राहायचं, हे मी एनसीसीपासून मनात धरलेलं होतं.

त्या आठवड्यात दुकान सोडून मला हलता येईना, म्हणून स्पर्धेची पेटी काकांनी एकट्यानेच भरली. गुरुवारी दुपारी त्यांचा निरोप आला, दोन पेट्या तयार आहेत, सरावाची आणि सामन्याची. शुक्रवारी पहाटे क्लबची जीप निघाली, पालीला थांबली. काकांनी पेट्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "जा. घाई करू नको. वारा पडेपर्यंत थांब." काकी दारात उभ्या होत्या, मनगटाला हळदीचा लेप लावून. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काय नाय गो, जरा घसरले काल. तू जा."

घाटावर फौजेची नेमबाजीची रेंज. फाटकावरच मोबाईल जमा करून घेतात, ते स्पर्धा संपल्यावरच परत. मी शुक्रवारी सरावाची पेटी उडवली आणि अशी काही लागली की शेजारच्या लेनवाला उठून माझं टार्गेट बघायला आला. मी मनातल्या मनात कोट अंगात घालून बघितला.

शनिवारी माझी पाळी साडेदहाला. दहाच्या सुमाराला पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, "ताई, फाटकावर एक बाबा आलेत. तुमचंच नाव घेतायत."

बाहेर काका उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर फौजेतली जुनी टोपी, हातात कापडी पिशवी. पहिल्या एसटीने आले होते. सबंध आंबा घाट उभ्याने आल्यामुळे पाय थरथरत होते. मला पाहिल्यावर ना कशी आहेस, ना काही.

"बाय, सामन्याची पेटी दे. ती मारायची नाय."

"का?"

"मी उठलो होतो."

ह्या तीन शब्दांचा अर्थ दुसऱ्या कोणाला कळला नसता. मला कळला.

गुरुवारी काका सामन्याची फळी भरत होते. मागच्या दारी शेवाळावरून काकी पडल्या आणि ओरडल्या. काका ताडकन उठले, उठताना गुडघा टेबलाला लागला, तसेच धावले. काकी उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला काय झाला नाय, हळद लावते. तुम्ही जा, पोरीचा काम पुरा करा. उद्या पहाटे निघायची आहे ती." आणि काका परत जाऊन बसले. ओतलं नाही. होती तिथून पुढे भरत गेले. पन्नास झाल्यावर काकी कण्हत होत्या म्हणून लगबगीने काटा पुसला, सवयीने सरकतं वजन शून्यावर आणलं, काटा पेटीत ठेवला. खात्रीचं वजन ठेवून बघायचं राहिलं. आणि शून्यावर आणलं म्हटल्यावर ते आधी कुठे होतं, गुडघ्याच्या धक्क्याने सरकलं होतं की नव्हतं, हे कळायचा मार्गच संपला.

हे त्यांच्या लक्षात आलं ते शुक्रवारी संध्याकाळी. काकींचं मनगट टम्म सुजलं म्हणून त्यांना रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता पडल्या? काका पटकन म्हणाले, "मी सत्ताविसाव्या काडतुसावर होतो." डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. स्वतःचं ते वाक्य ऐकल्यावर त्यांना सगळं आठवलं. मला फोन लावत राहिले, फोन फाटकावरच्या कपाटात वाजत राहिला.

"वजन करून बघू की," मी म्हटलं. "इथे काटा मिळेल."

"भरलेल्या काडतुसाचा वजन करून काय कळणार? निवडलेल्या पुंगळ्यांत पण फरक त्याच्याहून जास्त. आणि उघडून बघायचा तर सामान घरी."

"काका, सरकलं नसेलही!"

"नसेलही."

"मग?"

"एक खाच कमी असली तर गोळी खाली लागेल, तुझे गुण जातील, बस्स. एक खाच जास्त असली तर..." त्यांनी बोट स्वतःच्या गालाला लावलं. "ती रायफल तुझ्या गालाला टेकलेली असते बाय."

मी तिथे फाटकावर, चार माणसांच्या देखत, काय काय बोलले ते आता लिहवत नाही. म्हटलं, चार वर्षं मला उपडं-उताणं शिकवलंत आणि स्वतः कुठे गेला होता तो नियम? म्हटलं, माझी शेवटची खेप आहे हे ठाऊक होतं ना तुम्हाला? काका मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मी ओढून घेणार नाय. रायफल तुझी, डोळा तुझा. पण ही पेटी मी भरलीय, आणि मी सांगतो, ही मी मारली नसती."

मी पेटी त्यांच्या पिशवीत टाकली. टाकली म्हणजे आदळलीच.

क्लबच्या दुसऱ्या एकाकडून कारखान्यातली काडतुसं उसनी घेतली. माझ्या रायफलीला त्यांची सवय नव्हती. सूप पुन्हा पसरलं. तीन गुणांनी माझी निवड हुकली.

परतीच्या जीपमध्ये काका मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी. घाटात चहाला थांबलो. मी चहा घेतला नाही, त्यांनीही घेतला नाही. पालीला उतरताना एवढंच म्हणाले, "रविवारी ये. तुझ्या डोळ्यांसमोर उघडतो."

मी गेले. मला बघायचंच होतं. पंखा बंद, दार लावलेलं. आधी खात्रीचं वजन ठेवून काटा बघितला. मग भरलं त्याच क्रमाने एकेक काडतूस घेऊन त्यांनी गोळी उपसली आणि आतली दारू ताटलीत घातली. मी वाकून बघत होते. पहिलं बरोबर. दहावं बरोबर. सत्ताविसावं आलं. बरोबर. अठ्ठाविसावं बरोबर. पन्नासावं बरोबर. शेवटी पुन्हा खात्रीचं वजन, तेही बरोबर.

सगळीच्या सगळी बरोबर होती!

माझं डोकं सटकलं. त्या खोलीत कोणी कधी आवाज चढवला नसेल, तेवढा मी चढवला. "बघा! बघा आता! काही झालं नव्हतं! माझं आयुष्यभराचं एक स्वप्न होतं काका, आणि तुमच्या वहिमापायी..." पुढे मला रडू आलं, त्याचाही राग आला.

काकी प्लास्टरमधला हात सांभाळत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी चष्मा काढला, पंच्याने डोळे पुसले, घाम होता की काय होतं ते मला ठाऊक नाही.

"बरोबर होती हे आज कळला," ते म्हणाले. "काल ठाऊक नव्हता. जे मला ठाऊक नव्हता, त्याच्यावर तुझा डोळा ठेवायचा होता."

मी चप्पल पायात सरकवली आणि स्कूटर काढली.

पाच महिने मी पालीला गेले नाही. भेटेल त्याला हा किस्सा सांगितला, आणि सगळे माझ्याच बाजूचे निघाले. म्हातारा हट्टी, म्हातारा सटकलेला, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ऐकून बरं वाटायचं. रस्त्यात क्लबचं कोणी भेटलं आणि काकांचा विषय निघाला की मी मुद्दाम घड्याळाकडे बघायचे.

गणपतीच्या आधीची गर्दी होती. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. राजिवड्याच्या एक म्हाताऱ्या खाला हृदयाच्या गोळ्या न्यायला आल्या. त्या गोळ्या दोन ताकदीच्या येतात, पाकिटं दिसायला जवळजवळ सारखी. मी हात घातला, तेवढ्यात दुबईहून फोन आला. कानाला लावला, पाकीट पिशवीत घातलं, खाला गेल्या. फोन ठेवला आणि मला आठवेना, हात वरच्या खणात गेला होता की खालच्या. दोन्ही खणांत ढीगभर पाकिटं, मोजून कळण्यासारखं नव्हतं. तशी माझ्या हाताला सवय आहे, दिलं असेल बरोबरच. नक्की बरोबरच असणार.

मी शटर खाली ओढलं. गिऱ्हाइकं ओरडत राहिली. स्कूटर काढून राजिवडा गाठला, गल्लीत विचारत विचारत खालांचं घर शोधलं, धापा टाकत पाकीट मागितलं. बरोबर होतं.

त्यांची सून मला पाणी देत म्हणाली, "बरोबरच तर आहे ना ताई. उगाच एवढी धावलीस."

"बरोबर आहे हे आत्ता कळलं," मी म्हटलं. "मघाशी मला ठाऊक नव्हतं."

आणि माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य ऐकून मी तिथे उंबऱ्यावर बसले. सुनेला वाटलं मला चक्कर आली. ती साखर आणायला धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालीला गेले. काका पडवीत खुर्चीवर पेपर वाचत होते. खोलीला कुलूप. मी पायरीवर बसले. माफी मागायची असं सबंध रस्ताभर घोकत गेले होते, पण मला ते जमत नाही. काकांनी पेपर खाली घेतला.

"आलीस? बरा झाला. मी सोडला तो काम."

"कधीपासून?"

"तू गेलीस त्या रविवारपासून. क्लबला पत्र दिला, भरणारा बदला म्हणून. चाळीस वर्षं वाटायचा, आपण उठणार नाय. उठलो. उठलो त्याचा वाईट वाटत नाय, बायको पडली होती. परत येऊन बसलो, त्याचा वाटतो." त्यांनी पेपरची घडी घातली. "आणि कशापायी बसलो? तुझा काम अडू नये म्हणून. माया आली की माप गेला समज."

 मी हात पुढे केला आणि म्हटलं, "किल्ली द्या."

किल्ली त्यांच्या लुंगीच्या कनवटीलाच होती. पत्रात नवीन भरणारा म्हणून त्यांनी कोणाचं नाव सुचवलं होतं, ते मला क्लबमध्ये गेल्यावर कळलं. मला पत्तासुद्धा लागू न देता, पाच महिने मी त्यांना शिव्या देत असताना, त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. मी चिडून म्हटलं, "विचारायचं तरी!" तर म्हणाले, "विचारला असता तर नाय म्हटली असतीस. तू तापट, पण तुझा हात तापट नाय."

राज्याचा कोट मी कधी घातला नाही. तो विषय संपला. कधीकधी अजून टोचतो, खोटं कशाला बोलू? पण तेव्हापासून क्लबच्या पोरापोरींची काडतुसं मी भरते. मंजुरीचे कागद झाले, दर रविवारी मी आत बसायचे आणि काका दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर घेऊन बसायचे, पहाऱ्यावर. कोणी आलं की त्यांचा दबका आवाज यायचा, "आत काम चाललाय. बसा. पाणी घ्या." ज्या माणसाने आयुष्यात कोणाला पाणी विचारलं नाही, तो माझ्यासाठी आल्यागेल्याला पाणी विचारू लागला. त्यांचा तो मुंबईचा मेहुणाही एकदा येऊन तासभर बसून गेला, तंटा न करता.

गेल्या माघातली गोष्ट. देवरुखची एक मुलगी पहिल्यांदा राज्याच्या निवडीला जाणार होती. तिची सामन्याची फळी मी भरत होते. सकाळचे साडेदहा असतील. बाहेर पेपरची पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग तो येईनासा झाला. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. एकेचाळीस झाली होती. दारावर बांगड्यांचा आवाज झाला. इतक्या वर्षांत काकींनी त्या दाराला कधी हात लावला नव्हता.

"रेहाना," काकी म्हणाल्या, "उठ गो."

काका खुर्चीतच होते. पेपर मांडीवर, चष्मा नाकाच्या टोकावर, मान जराशी कललेली. मी हात धरला, नाडी बघितली, पुन्हा बघितली. काकी म्हणाल्या, "मघाशीच गेले असतील. मला म्हणायचे, काय पण झाला तरी तिला उठवायची नाय. पण मी म्हटला, आज उठवायचाच." आणि मग त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मीही मोठ्याने रडले, अगदी गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.

सगळं आटोपलं, मुंबईची माणसं आली आणि गेली. तेराव्याला मी जेवायला गेले. पानं उचलल्यावर काकींनी कपाटातून किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. त्या देवरुखच्या मुलीची निवड तीन दिवसांवर आली होती. खोली उघडली. फळी तशीच होती, एकेचाळीस उताणी, नऊ उपडी. काट्याची दांडी पण होती तशीच.

मुलीला फोन लावून फळी कुठे थांबली होती ते सांगितलं, आणि उद्या संध्याकाळपर्यंत पेटी देते म्हटलं. ती बिचारी घाबरत म्हणाली, "ताई, नऊच राहिली होती ना? आज नाही का होणार?"

"नाही होणार," मी म्हटलं. "मी उठले होते."

फोन काकींकडे दिला, दार लावलं, पंखा बंद केला. एकेक पुंगळी उचलून रिकामी केली आणि उपडी ठेवली. पन्नासही उपडी झाल्यावर खात्रीचं वजन काढलं, पंच्याने पुसलं आणि ताटलीत ठेवलं. बाहेर काकींनी काकांची खुर्ची दाराजवळ ओढून घेतल्याचा आवाज आला.